बीए करून पुढे काय? अमेरिकेतली लिबरल आर्ट्स कॉलेजं समजून घेताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बघा' बरेचसे गाळलेत, काही राहिलेत. चालवून घ्या.

आजचा विषय कराडच्या एका श्रोत्यांनी दिलाय. त्यांची मुलगी यंदा बारावी सायन्सला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका छोट्या कॉलेजनं तिला प्रवेश दिलाय, खर्चाचा मोठा भागही कॉलेजच उचलणार आहे. उत्तर द्यायची मुदत १ मे. इकडे सीईटीचा निकाल लागणार जूनमध्ये, कॅप राउंड त्याच्याही नंतर. म्हणजे इथे कुठलं इंजिनिअरिंग कॉलेज मिळतंय हे कळायच्या आधीच तिथे हो किंवा नाही सांगायचंय. मेसेजचा शेवट असा होता: "मॅडम, चार वर्षं अमेरिकेत राहून मुलगी होणार बीए. बीएच करायचं तर कराडात काय वाईट आहे? पुढे काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मी स्वतः बीटेक, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या घरीही 'आर्ट्स' म्हटलं की पुढचा प्रश्न 'मार्क कमी पडले का?' हाच असायचा. पण कामाच्या निमित्तानं अशा कॉलेजांतून आलेल्या लोकांबरोबर बसायची वेळ आली आणि या प्रकाराबद्दल कुतूहल वाढलं. तर आज आपण नीट, पायरी पायरीनं बघू: ही कॉलेजं असतात काय, तिथे शिकायला काय मिळतं, नोकरीचं गणित कसं जुळतं आणि कुठे जुळत नाही.

आधी नावाचा घोळ

'लिबरल आर्ट्स' म्हणजे चित्रकला नव्हे. राजकारणातल्या लिबरल लोकांशीही त्याचा संबंध नाही. हा शब्द फार जुना, लॅटिनमधून आलेला. स्वतंत्र नागरिकाला यायला हव्यात अशा विद्या, असा त्याचा अर्थ. मध्ययुगीन युरोपात अशा सात विद्या मानायचे: व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. यादी पुन्हा वाचा. सातातल्या दोन सरळसरळ गणिताच्या आहेत आणि एक विज्ञानाची. आपल्याकडे दहावीनंतर आर्ट्स आणि सायन्स अशी जी भिंत उभी राहते, ती या कल्पनेत मुळात नाहीच.

म्हणून तिथे फिजिक्स घेतलं तरी पदवी बीए, गणित घेतलं तरी बीए, कम्प्युटर सायन्स घेतलं तरी बहुतेक कॉलेजांत बीएच. पदवीच्या नावावरून विषय कळत नाही. विषय कळतो 'मेजर' काय आहे त्यावरून. कराडच्या काकांनी नातेवाइकांना सांगताना 'बीए' न म्हणता 'कम्प्युटर सायन्स मेजर' म्हटलं, तर निम्मे प्रश्न तिथेच संपतील!

दुसरी खूण आकाराची. ही कॉलेजं लहान असतात, साधारण दीड ते अडीच हजार विद्यार्थी. आयोवातलं ग्रिनेल कॉलेज १८४६ सालचं, तिथे सतराशेच्या आसपास मुलं. मिनेसोटातलं कार्लटन १८६६ सालचं, तिथे दोन हजाराच्या आसपास. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या कॉलेजात एका वर्षाला याहून जास्त पोरं असतात. आणि मुख्य म्हणजे इथे जवळजवळ सगळे पदवीचेच विद्यार्थी. एमएस किंवा पीएचडी करणारे नाहीतच. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे बरेच फायदे आणि काही तोटे तिच्यातूनच निघतात.

शिकायला नेमकं काय मिळतं?

पहिला फायदा म्हणजे वेळ. मेजर साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करायचा. तोपर्यंत दीड-दोन वर्षं वेगवेगळे विषय घेऊन बघता येतात. ग्रिनेलमध्ये तर सगळ्यांसाठी सक्तीचा असा एकच कोर्स आहे, पहिल्या सत्रातला ट्युटोरियल. एका प्राध्यापकाबरोबर मोजकी मुलं बसतात, एका विषयावर वाचतात, लिहितात, वाद घालतात. बाकी सगळं आपल्या सल्लागार प्राध्यापकाशी बोलून ठरवायचं. अर्थात मेजरच्या अटी असतातच.

प्रत्येक कॉलेजची रचना वेगळी. कार्लटनमध्ये वर्षाला दहा-दहा आठवड्यांची तीन सत्रं असतात आणि एका सत्रात साधारण तीनच विषय. कोलोरॅडो कॉलेजात १९७० पासून 'ब्लॉक प्लॅन' आहे: एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे, तो संपला की पुढचा. आयोवातल्या कॉर्नेल कॉलेजातही हीच पद्धत. (हे कॉर्नेल वेगळं. न्यूयॉर्कचं कॉर्नेल विद्यापीठ नव्हे. फॉर्म भरताना जपून.) मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजात ट्युटोरियलचा एक प्रकार आहे: दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. एका आठवड्यात एकानं निबंध लिहायचा, दुसऱ्यानं त्यातल्या त्रुटी काढायच्या, पुढच्या आठवड्यात उलटं. मागच्या बाकावर बसून डुलकी काढायला इथे मागचा बाकच नाही!

दुसरा फायदा संशोधनाचा. मोठ्या विद्यापीठात प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत आधी पीएचडीवाल्यांचा नंबर, मग एमएसवाल्यांचा, पदवीच्या मुलांचा सगळ्यात शेवटी. इथे ती रांगच नाही. प्राध्यापकाला संशोधनात मदत हवी असेल, तर समोर पदवीचेच विद्यार्थी आहेत. ग्रिनेलमध्ये 'मेंटर्ड ॲडव्हान्स्ड प्रोजेक्ट' नावाची सोय आहे, त्यात विद्यार्थी प्राध्यापकाबरोबर खरं संशोधन करतो. कार्लटनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी आपल्या मेजरमध्ये 'कॉम्प्स' नावाचं मोठं काम पूर्ण करावं लागतं. ओरेगनच्या रीड कॉलेजात प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. स्वार्थमोर कॉलेजात ऑनर्स घेतलं, तर परीक्षा घ्यायला बाहेरच्या संस्थांचे तज्ज्ञ येतात.

याचा परिणाम दिसतो. नंतर पीएचडी करणाऱ्यांचं एकूण विद्यार्थ्यांशी प्रमाण पाहिलं, तर स्वार्थमोर, हार्वी मड, रीड, कार्लटन, ग्रिनेल ही छोटी कॉलेजं अमेरिकेत वरच्या रांगेत येतात. जनुक-संपादनासाठी २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना या पोमोना कॉलेजच्या. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले थॉमस चेक हे ग्रिनेलचे.

आता माझ्या धंद्याशी जोडलेली गोष्ट सांगते, ही मला फार आवडते. ट्रान्झिस्टरचा शोध बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये लागला. तो लावणाऱ्यांपैकी वॉल्टर ब्रॅटन हे व्हिटमन कॉलेजचे, म्हणजे लिबरल आर्ट्सवालेच. बेल लॅब्जचे तेव्हाचे अध्यक्ष ऑलिव्हर बकली हे ग्रिनेलचे माजी विद्यार्थी. ग्रिनेलमध्ये फिजिक्स शिकवणारे ग्रँट गेल यांनी या ओळखीपाळखीतून अगदी सुरुवातीचे ट्रान्झिस्टर मिळवले आणि वर्गात आणले. मक्याच्या शेतांमधल्या त्या गावात तेव्हा रॉबर्ट नॉइस नावाचा मुलगा शिकत होता. हुशार, पण उपद्व्यापी. पार्टीसाठी एका शेतकऱ्याचं डुक्कर पळवल्याबद्दल त्याला एक सत्र कॉलेजबाहेर काढलं होतं. कायमचं काढू नये म्हणून धडपडणाऱ्यांत गेल सर होते. परत येऊन तो ट्रान्झिस्टरच्या नादी लागला, १९४९ मध्ये गणित आणि फिजिक्स घेऊन पदवीधर झाला, एमआयटीतून पीएचडी केली आणि १९६८ मध्ये गॉर्डन मूर यांच्याबरोबर इंटेल काढली. पुढे ग्रिनेल कॉलेजनंही इंटेलमध्ये सुरुवातीलाच पैसे गुंतवले. आज हे कॉलेज विद्यार्थ्यांना भरघोस मदत देऊ शकतं, त्यामागे जी श्रीमंती आहे, तिच्यात त्या गुंतवणुकीचाही वाटा आहे.

सगळे नॉइस होत नाहीत, हे उघड आहे. मुद्दा एवढाच, की लहान कॉलेजात एक प्राध्यापक एका विद्यार्थ्याला नावानं ओळखतो आणि त्याच्यासाठी शब्द टाकतो. पुढे एमएस-पीएचडीला शिफारसपत्रं लागतात, तेव्हा ही ओळख कामाला येते. माझ्या बॅचमध्ये शिफारसपत्राचा मजकूर विद्यार्थ्यानंच टाइप करून न्यायचा आणि सरांनी सही करायची, असा रिवाज होता. तुमच्याकडेही असेल. फरक लक्षात येईल.

इंजिनिअरिंग करायचं असेल तर?

चार वाटा आहेत. पहिली, काही लिबरल आर्ट्स कॉलेजांत इंजिनिअरिंग आहेच: स्वार्थमोर, लाफायेट, मुलींचं स्मिथ कॉलेज, आणि हार्वी मड, जे प्रामुख्यानं विज्ञान-इंजिनिअरिंगचंच आहे.

दुसरी वाट '३-२' नावाची. तीन वर्षं लिबरल आर्ट्स कॉलेजात, पुढची दोन एखाद्या इंजिनिअरिंग विद्यापीठात, आणि शेवटी दोन पदव्या. कोलंबिया आणि सेंट लुइसचं वॉशिंग्टन विद्यापीठ यांच्या अशा योजना बऱ्याच कॉलेजांशी जोडलेल्या आहेत. कागदावर हे फार छान दिसतं. पण थांबा. पहिल्या कॉलेजनं दिलेली आर्थिक मदत दुसऱ्या विद्यापीठात आपोआप जात नाही. परदेशी विद्यार्थ्यांना तर तिथे मदत मिळेलच असं अजिबात धरून चालू नका. शेवटची दोन वर्षं पूर्ण फी भरायची वेळ आली, तर चार वर्षांचं गणित कोलमडतं. ही वाट धरायची असेल तर आधी लेखी विचारा.

तिसरी वाट शेजाऱ्यांची. बरीच कॉलेजं गटानं राहतात. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटची पाच पदवी कॉलेजं अगदी भिंतीला भिंत लागून आहेत, एकातला विद्यार्थी दुसऱ्यात विषय घेऊ शकतो. मॅसॅच्युसेट्समध्ये ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होलिओक आणि मॅसॅच्युसेट्सचं सरकारी विद्यापीठ यांचाही असा गट आहे. लहान कॉलेजात न मिळणारा विषय शेजारी मिळतो.

चौथी वाट सगळ्यात साधी: फिजिक्स, गणित किंवा कम्प्युटर सायन्समध्ये बीए आणि नंतर इंजिनिअरिंगमध्ये एमएस. फक्त पूर्वतयारीचे विषय तिसऱ्या वर्षापासूनच हेरून घ्यावे लागतात.

ग्रिनेल ते पुणे, व्हाया मराठी

या कॉलेजांत आणखी एक संधी असते: एखादं सत्र दुसऱ्या देशात जाऊन शिकणं. इथे आपला थेट संबंध येतो. मुख्यतः अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांची एक संघटना आहे, असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट. ग्रिनेल, कार्लटन, मॅकॅलेस्टर, बेलॉइट वगैरे तिचे सदस्य. या संघटनेचा भारत अभ्यासक्रम अनेक दशकं पुण्यात चालला. मुलं पुणेकर कुटुंबांत राहायची, मराठी शिकायची, स्वतःचा एक छोटा संशोधन प्रकल्प करायची. पेठेतल्या वाड्यात आयोवाची पोरगी 'दूध उतू गेलं' म्हणतेय, हे दृश्य पुण्याला नवीन नाही!

याच वर्तुळातली नावं बघा. दलित चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी १९६९ पासून जवळपास तीन दशकं कार्लटनमध्ये इतिहास शिकवला. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. फलटणला स्थायिक झालेल्या आणि तिथे शाळा उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्याची पुस्तकं तयार केली. आणि गेल ऑम्व्हेट, ज्यांनी ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलेमधून पीएचडी केली आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात आयुष्य काढलं, त्या पदवीला कार्लटनच्या विद्यार्थिनी होत्या. कराडपासून कासेगाव किती लांब आहे, हे काकांना मी सांगायला नको.

पदवीनंतरच्या फेलोशिपमध्येही एक खास आहे, वॉटसन फेलोशिप. १९६८ पासून चालू. साधारण चाळीस छोट्या कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी. स्वतः ठरवलेल्या एका विषयाच्या मागे एक वर्ष जगभर फिरायचं, त्याचे पैसे मिळतात. अट अशी, की त्या वर्षात अमेरिकेत परतायचं नाही आणि स्वतःच्या देशातही नाही. परदेशी नागरिकही अर्ज करू शकतात. पण सगळ्याच योजना अशा नाहीत. फुलब्राइटचा अमेरिकी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम अमेरिकी नागरिकांसाठी आहे. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या उन्हाळी संशोधन योजनाही मुख्यतः नागरिक आणि कायमच्या रहिवाशांसाठीच. कॉलेजच्या माहितीपत्रकात हे सगळं एकाच पानावर छापलेलं असतं. त्यातलं आपल्याला काय लागू होतं, ते वेगळं काढून बघावं लागतं.

नोकरीचं गणित

आता मुख्य प्रश्नाकडे. पहिली गोष्ट, आपल्याकडच्यासारखा 'प्लेसमेंट सेल' तिथे नसतो. कंपन्या बस भरून येतायत, ॲप्टिट्यूड टेस्ट, संध्याकाळी यादी, हा प्रकार नाही. करिअर सेंटर असतं. ते रेझ्युमे तपासून देतं, मुलाखतीचा सराव घेतं, माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून देतं. 'हँडशेक' नावाच्या पोर्टलवर नोकऱ्या आणि इंटर्नशिप दिसतात. अर्ज स्वतः करायचे. मोठ्या टेक कंपन्या मक्याच्या शेतातल्या कॉलेजात मुद्दाम येतीलच असं नाही, मोठ्या विद्यापीठांत जातात. हा खरा तोटा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्याची भरपाई दोन गोष्टींनी होते. एक, माजी विद्यार्थी. लहान कॉलेजच्या लोकांना एकमेकांचं फार अप्रूप असतं. वीस वर्षांनी मोठा माणूसही आपल्या कॉलेजच्या मुलाच्या ईमेलला उत्तर देतो. आपल्याकडे 'गाववाला' म्हटल्यावर जसं दार उघडतं, तसंच. दोन, उन्हाळे. विनापगारी इंटर्नशिप केली तर राहण्या-खाण्याचा खर्च द्यायला अनेक कॉलेजांकडे निधी असतो. पण तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचे अर्ज आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच सुरू होतात. जानेवारीत जागं झालेल्याला बस चुकलेली असते.

दुसरी गोष्ट व्हिसाची. विद्यार्थी म्हणून एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. लायब्ररी, मेस, ग्रेडिंग वगैरे. साधारण एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर अभ्यासाशी जोडलेली बाहेरची इंटर्नशिप परवानगीनं करता येते. पदवीनंतर स्वतःच्या विषयात १२ महिने नोकरी करता येते, त्याला ओपीटी म्हणतात. त्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. आणि मेजर सरकारच्या 'स्टेम' यादीत असेल, तर आणखी २४ महिने. म्हणजे एकूण तीन वर्षं.

इथे एक बारीक पण लाखमोलाची गोष्ट आहे. 'स्टेम' ठरतं ते पदवीच्या नावावरून नाही, तर कॉलेजनं त्या मेजरला लावलेल्या सरकारी कोडवरून. कम्प्युटर सायन्स, गणित, फिजिक्स यांचा प्रश्न नसतो, मग पदवी बीए का असेना. गंमत अर्थशास्त्रात आहे. साध्या अर्थशास्त्राचा कोड स्टेममध्ये नाही, पण 'इकॉनॉमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्र' हा कोड आहे. अनेक कॉलेजांनी आपला अर्थशास्त्राचा मेजर त्या कोडखाली नेलाय, सगळ्यांनी नाही. एकच विषय, एकच पुस्तकं, पण एका कॉलेजच्या मुलाला एक वर्ष आणि दुसऱ्याच्या मुलाला तीन. इतिहास किंवा साहित्य घेणाऱ्याला एकच वर्ष. म्हणून बरीच भारतीय मुलं दोन मेजर करतात, एक आवडीचा आणि एक स्टेमचा. लिबरल आर्ट्स कॉलेजात हे जमतं, ही त्याची मोठी सोय.

त्याच्या पुढे एच-१बी. वर्षाला ६५,००० ची मर्यादा आणि अमेरिकेतून मास्टर्स किंवा त्यावरचं शिक्षण घेतलेल्यांसाठी वेगळे २०,०००. नुसत्या बीएवाल्याला ते वेगळे २०,००० लागू नाहीत. अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि नियम दर थोड्या वर्षांनी हलतात. म्हणून 'पदवी झाली की तिकडेच सेटल' असं गृहीत धरून कर्ज काढू नका. तीन वर्षांचा अनुभव हे हातात पडेल असं धरा, पुढचं मिळालं तर बोनस.

आणि कंपनी नेमकं काय बघते? मी मुलाखती घ्यायला बसते, तेव्हा कोडिंगचे प्रश्न सगळ्यांना सारखेच असतात, बीए असो की बीटेक. लिबरल आर्ट्सवाल्या मुलांनी बीटेकपेक्षा कम्प्युटरचे विषय कमी केलेले असतात, हे खरं. छोट्या विभागात कम्पायलर किंवा डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्ससारखा विषय दर वर्षी असेलच असं नाही. ते त्यांना स्वतः भरून काढावं लागतं. पण आमच्या टीममधल्या एकानं फिलॉसॉफी आणि कम्प्युटर सायन्स असे दोन मेजर केलेत. त्याचं डिझाइन डॉक्युमेंट वाचलं की पुन्हा मीटिंग लावावी लागत नाही. काय करायचं, का करायचं, दुसरे पर्याय का सोडले, सगळं दोन पानांत. चार वर्षं दर आठवड्याला लिहून आणि त्यावर लाल शाई खाऊन ते आलंय. कोड लिहायला मदत करणारी साधनं आता सगळ्यांच्याच हातात आली आहेत. काय लिहायचं हे नेमकं सांगता येणं त्यामुळे आणखी महाग झालंय.

डॉक्टर व्हायचं असेल तर मात्र सावध. अमेरिकेत मेडिकलला पदवीनंतर जातात आणि तिथली बरीच मेडिकल कॉलेजं परदेशी नागरिकांना घेतच नाहीत. 'प्री-मेड' हा शब्द ऐकून भुलू नका.

पैशाचं काय?

या कॉलेजांचा छापील खर्च वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर असतो, म्हणजे सत्तर लाख रुपयांच्या आसपास. हा आकडा बघून बहुतेक लोक पान बंद करतात. पण श्रीमंत कॉलेजं कुटुंबाची ऐपत बघून मदत देतात, आणि ही मदत बव्हंशी परत न करायची असते. यात दोन प्रकार. ॲमहर्स्ट, बोडेन यांसारखी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला घेताना तो मदत मागतोय का हे बघतच नाहीत. बाकीची बघतात. म्हणजे मदत मागितली तर प्रवेश अवघड होतो, पण एकदा घेतलं की त्यातली चांगली कॉलेजं गरजेइतकी मदत देतात. कराडच्या मुलीला मिळालेलं पत्र या दुसऱ्या प्रकारातलं आहे. ते सहज मिळत नाही.

पत्र वाचताना मात्र वकिलासारखं वाचा. अनुदान किती, कर्ज किती, आवारातल्या कामातून कमवायचे म्हणून किती धरलेत? (ती रक्कम आधी मिळत नाही, काम केल्यावर मिळते.) आरोग्य विमा, विमानाचं तिकीट, मिनेसोटा-आयोवाच्या थंडीचे कपडे धरलेत का? शिष्यवृत्तीचा जो भाग राहण्या-जेवणासाठी असतो, त्यावर परदेशी विद्यार्थ्याला कर लागू शकतो, सहसा १४ टक्क्यांनी कापतात. आणि अर्ज करताना मदत मागितली नसेल, तर बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला नंतर देत नाहीत. 'आधी जाऊ, मग बघू' हे इथे चालत नाही.

परत आलं तर?

खासगी कंपन्यांत, सल्लागार संस्थांत, स्टार्टअपमध्ये, सामाजिक संस्थांत ही पदवी चालते. फक्त पहिल्या फेरीत रेझ्युमे बघणाऱ्याला कॉलेजचं नाव माहीत नसण्याची तयारी ठेवा. सरकारी नोकरी, यूपीएससी किंवा इथल्या विद्यापीठात पुढचं शिक्षण यासाठी परदेशी पदवीची समकक्षता लागते. हे काम वर्षानुवर्षं असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करत आली, २०२५ मध्ये यूजीसीनं त्याचे नवे नियम आणले. ज्या जागांसाठी 'बीई किंवा बीटेक'च हवं असं लिहिलेलं असतं, तिथे कम्प्युटर सायन्समधलं बीए चालेल असं धरू नका.

आणि हे सगळं करायला अमेरिकेलाच जायला हवं असंही नाही. पुण्यातच फ्लेम विद्यापीठ आणि सिम्बायोसिसचं स्कूल फॉर लिबरल आर्ट्स आहे, सोनीपतला अशोका, बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी आणि मेजर-मायनर हे शब्द आपल्या नेहमीच्या कॉलेजांतही आलेत. प्रत्यक्षात किती उतरलंय, ते प्रत्येक कॉलेजात जाऊन तिथल्याच मुलांना विचारून बघावं.

तर, हो म्हणायचं की नाही?

माझं मत विचाराल तर, मुलीला नेमकं काय करायचंय हे अजून ठरवायचंय, वाचायला-लिहायला आवडतं, चार जणांत प्रश्न विचारायची भीती वाटत नाही आणि मदत चारही वर्षं टिकणारी आहे, तर ही संधी इथल्या कुठल्याही कॅप राउंडपेक्षा मोठी आहे. मुलीला पक्कं मेकॅनिकल किंवा सिव्हिलच करायचंय, किंवा शेत गहाण ठेवून कर्ज काढावं लागणार आहे, तर नाही म्हणण्यात काहीही कमीपणा नाही.

१ मेच्या आधी कॉलेजला ईमेल करून पाच प्रश्न विचारा. उत्तरं लेखी घ्या.

एक: ही मदत चार वर्षं मिळणार का, फी वाढली तर तीही वाढणार का आणि कुठल्या अटींवर थांबू शकते?

दोन: मुलीला हवा असलेला मेजर स्टेम कोडखाली आहे का?

तीन: गेल्या दोन-तीन वर्षांत या मेजरमधले परदेशी विद्यार्थी पदवीनंतर कुठे गेले? सगळ्या विद्यार्थ्यांची सरासरी नको, परदेशी विद्यार्थ्यांचं वेगळं सांगा.

चार: मेजरचे वरच्या वर्गातले विषय दर वर्षी असतात की वर्षाआड?

पाच: सध्या तिथे शिकणाऱ्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याशी बोलायला मिळेल का?

पाचव्या प्रश्नाचा फोन मुलीला एकटीला करू द्या. शेजारी बसून खुणा करू नका! ती मुलं एकमेकांशी जे बोलतील, ते ना माहितीपत्रकात मिळेल, ना माझ्या पॉडकास्टमध्ये.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात कुणाला असं पत्र आलं असेल, किंवा कुणी अशा कॉलेजात शिकून आलं असेल, तर अनुभव कळवा. विशेषतः पहिली नोकरी कशी मिळाली ते. पुढच्या भागात भेटूच.